आगीची उलटतपासणी

७१ माणसं गेली, ६९ सॉ मिल्स जळाल्या, काही गावं नकाशावरून पुसली गेली. चूक कुणाची, हे शोधायला सरकारने नेमला एक जज. त्याने जे लिहून ठेवलं, ते ऑस्ट्रेलिया अजून विसरलेला नाही.

सरकारी अहवाल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? जाडजूड बाड, कपाटात धूळ खात पडलेलं. अधिवेशनात आरडाओरडा झाला की टेबलावर यायचं आणि पुन्हा कपाटात जायचं. असा अहवाल कुणी आवडीने वाचेल हे सोडाच, तो कुणी इंग्रजीच्या पेपरला लावेल असं आपल्या स्वप्नातही येणार नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात मात्र हे खरंच झालंय. वणव्याच्या चौकशीचा एक अहवाल तिथल्या मॅट्रिक्युलेशनच्या विद्यार्थ्यांना काही काळ चक्क इंग्रजी विषयात अभ्यासाला होता. वणवा समजावा म्हणून आणि भाषा कशी वापरावी हे कळावं म्हणूनही!

तो लिहिणाऱ्याचं नाव लिओनार्ड एडवर्ड बिशप स्ट्रेटन. व्यवसायाने न्यायाधीश. आपल्याकडे हे नाव कुणी ऐकलेलं नसतं, पण ऑस्ट्रेलियात जंगल, आग आणि माणूस यांच्या नात्यावर कुठेही चर्चा सुरू झाली की पाच मिनिटांत त्यांचं नाव निघतंच.

शहरातला माणूस

स्ट्रेटन यांचा जन्म १८९३ चा, मेलबर्नच्या ब्रन्सविक भागातला. शिक्षण मेलबर्नमध्ये, कायद्याची पदवी मेलबर्न विद्यापीठाची. वकिली केली आणि १९३७ मध्ये ते काउंटी कोर्टाचे न्यायाधीश झाले. काउंटी कोर्ट म्हणजे साधारण आपल्या जिल्हा न्यायालयासारखं मधल्या पातळीवरचं कोर्ट. तिथे समोर येणारे खटलेही सामान्य माणसांचे, रोजच्या आयुष्यातले. जंगलशास्त्राशी त्यांचा संबंध नव्हता. फॉरेस्ट ऑफिसर नाही, शास्त्रज्ञ नाही, शेतकरी नाही. पण साक्षीदार खरं बोलतोय की शिकवल्यासारखं बोलतोय, हे ओळखणं त्यांच्या धंद्याचा भाग होता. पुढे नेमकं तेच उपयोगाला आलं.

त्यांच्या घरातलं आणखी एक नाव ऑस्ट्रेलियात गाजलं. त्यांचा मुलगा ह्यू स्ट्रेटन. तो इतिहासाचा प्राध्यापक झाला आणि शहरं कशी असावीत यावरच्या त्याच्या लिखाणाने तिथल्या एका पिढीला विचार करायला लावलं. म्हणजे वडिलांनी जंगलाचा विचार केला, मुलाने शहराचा. दोघांचा मूळ प्रश्न मात्र एकच होता: माणसांनी राहायचं कसं?

१३ जानेवारी १९३९

ऑस्ट्रेलियात जानेवारी म्हणजे भर उन्हाळा. १९३८ च्या उत्तरार्धात व्हिक्टोरियात पावसाने दगा दिला होता. ओढे आटलेले, जंगलातला पाचोळा कुरकुरीत वाळलेला. डोंगरांतल्या उंच निलगिरीच्या जंगलांत एरवी जमीन ओलसर असते, पायाखाली नेचे असतात. त्या वर्षी तिथलीही ओल गेली होती.

जानेवारी सुरू झाला तेव्हा राज्यात ठिकठिकाणी छोट्या-छोट्या आगी धुमसत होत्या. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. दरवर्षीच लागतात, विझतील आपोआप, असाच सगळ्यांचा हिशेब होता. ८ जानेवारीला टूलंगीजवळ जंगल खात्याचे दोन कर्मचारी आगीत सापडून गेले. खरं तर तो इशारा होता. पाच दिवसांनी, शुक्रवारी, मेलबर्नमध्ये पारा ४५.६ अंशांवर गेला. शहराचा हा विक्रम पुढे सत्तर वर्षं टिकला. उत्तरेकडून भट्टीसारखा वारा सुटला आणि त्या विखुरलेल्या आगी एकमेकींना जाऊन मिळाल्या.

निलगिरीची आग आपल्या गवताच्या वणव्यासारखी नसते. पानांत तेल असतं. झाडांच्या साली लांब पट्ट्यांसारख्या सुटून लोंबत असतात. आग लागली की या पट्ट्या पेटतात, वाऱ्यावर उचलल्या जातात आणि मुख्य आगीच्या कित्येक किलोमीटर पुढे जाऊन पडतात. तिथे नवी आग. त्यामुळे माणूस आगीपासून पळत असतो आणि पुढे दुसरी आग त्याची वाटच बघत असते. भर दुपारी अंधार झाला होता, असं वाचलेल्या लोकांनी सांगितलं. राख समुद्रापार न्यूझीलंडपर्यंत जाऊन पडली.

सगळ्यात भयानक हाल झाले ते जंगलाच्या आत राहणाऱ्या सॉ मिल कामगारांचे. तेव्हा लाकूड कापायच्या गिरण्या झाडांच्या मधोमधच असायच्या. ओंडके शहरात नेण्यापेक्षा गिरणीच जंगलात नेणं स्वस्त पडायचं. कामगार, त्यांच्या बायका, मुलं सगळी तिथेच लाकडी घरांत. आजूबाजूला भुशाचे ढीग, कापलेल्या फांद्या, वाळलेली लाकडं. बाहेर पडायला बऱ्याचदा एकच वाट, तीही लाकडी पुलांवरून जाणारी ट्रामलाइन. पूल जळाला की वाट संपली. मॅटलॉकजवळच्या एका गिरणीवर १६ जण होते, त्यांतला फक्त एक वाचला.

त्या जानेवारीतल्या आगींत एकूण ७१ माणसं गेली. जवळपास २० लाख हेक्टर क्षेत्र जळालं, म्हणजे आपल्या महाराष्ट्रातल्या सगळ्यात मोठ्या, अहिल्यानगर जिल्ह्यापेक्षाही जास्त. नार्बेथाँग, नूजी, वूड्स पॉइंट ही गावं जवळजवळ राख झाली. त्या दिवसाचं नाव पडलं ‘ब्लॅक फ्रायडे’. आपल्याला हा शब्द ऑनलाइन सेलमुळे माहीत असतो. व्हिक्टोरियात जुन्या माणसांसमोर तो शब्द काढला, तर त्यांना वेगळंच काही आठवतं.

साक्षीदार गप्प का होते?

सरकारने रॉयल कमिशन नेमलं. आपल्याकडे मोठी दुर्घटना घडली की चौकशी आयोग नेमतात, तसंच. एकसदस्यीय आयोग, आणि तो एक सदस्य म्हणजे ४५ वर्षांचे जज स्ट्रेटन. आग लागली कशी, ती रोखायला कुणी काय केलं होतं आणि पुढे काय करायला हवं, असे प्रश्न त्यांच्यापुढे ठेवले होते. जानेवारी संपता संपता सुनावण्या सुरू झाल्या. म्हणजे काही ठिकाणी ओंडक्यांची धग अजून पुरती गेलीही नव्हती. स्ट्रेटन मेलबर्नच्या कोर्टरूममध्ये बसून राहिले नाहीत. डोंगरातल्या गावांत गेले, जळालेलं रान पायाखाली घातलं आणि तिथल्या हॉलमध्ये कोर्ट भरवलं. गिरणी कामगार, मालक, शेतकरी, गुराखी, फॉरेस्ट ऑफिसर, सगळ्यांना साक्षीला उभं केलं.

आणि तिथे त्यांना पहिला धक्का बसला. लोक खरं बोलत नव्हते.

कामगारांना भीती होती की मालकाविरुद्ध बोललो तर उद्या काम कोण देणार? तरुण फॉरेस्ट ऑफिसर चांगले होते, प्रामाणिक होते, पण वरिष्ठांना न रुचणारं बोललो तर प्रमोशन अडकेल ही चिंता त्यांना खात होती. जंगलाशेजारच्या शेतकऱ्यांना तर कबूल करायचंच नव्हतं की आग आपल्या बांधावरून गेली. शेजारी शेजाऱ्याचं नाव घेईना. सगळं गाव जाणून होतं की काडी कुणी ओढली, आणि साक्षीच्या खुर्चीत बसलं की सगळ्यांची स्मरणशक्ती एकदम जायची.

स्ट्रेटन यांनी हे लपवलं नाही. अहवालाच्या सुरुवातीलाच त्यांनी नोंदवलं की सत्य मिळवणं हेच या कामातलं सगळ्यात अवघड काम होतं, आणि कोण का घाबरलं होतं हेही स्पष्ट लिहिलं. हा मुद्दा मला त्यांच्या अख्ख्या आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आगीची कारणं शोधायला गेलेला माणूस समाजाच्या भीतीपाशी येऊन थांबला. जिथे खालचा माणूस वरच्याला धोका सांगू शकत नाही, तिथे आग लागायच्या आधीच अर्धी पसरलेली असते. वणव्याचा धोका मोजायचा तर वारा आणि तापमान मोजतातच, पण गावात कोण कुणाला किती घाबरतं हेही बघावं लागतं, हे त्यांनी १९३९ मध्ये दाखवून दिलं.

काडी कुणी ओढली?

मे १९३९ मध्ये अहवाल आला. म्हणजे जेमतेम चार महिन्यांत. आपल्याकडच्या आयोगांना मिळणाऱ्या मुदतवाढी आठवल्या की हे वाचून हसावं की रडावं कळत नाही.

निष्कर्ष थेट होता. या आगी निसर्गाने लावल्या नव्हत्या, माणसांनी लावल्या होत्या. कुठला एक खलनायक नव्हता. गुरं चारणारे कोवळं गवत फुटावं म्हणून रान पेटवत होते. शेतकरी जमीन साफ करायला झुडपं जाळत होते. गिरण्यांच्या आवारात निष्काळजीपणा होता. सोनं शोधणारे जमीन मोकळी दिसावी म्हणून झाडोरा पेटवत होते. सहलीला आलेल्यांनी चुली तशाच सोडल्या होत्या. प्रत्येकाची आग छोटी होती, प्रत्येकाचं कारण त्याच्यापुरतं पटणारं होतं. सगळ्यांची मिळून जी झाली ती कुणाच्याच आवाक्यात राहिली नाही.

मग लोक मूर्ख होते का? स्ट्रेटन तसं म्हणत नाहीत. त्यांचं निरीक्षण फार बारीक आहे. ते सुचवतात की तिथल्या वस्तीचं वयच कमी होतं. गोरे लोक या जंगलात येऊन शंभर वर्षंही धड झाली नव्हती. १८५१ मध्ये ‘ब्लॅक थर्सडे’ला प्रचंड भूभाग जळाला होता, पण तो पाहिलेलं आता कोण उरलं होतं? १९२६ मध्येही डोंगरात माणसं गेली होती, तरी मोठी आग म्हणजे तेवढीच असते, असं लोक धरून चालले. गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाचा अनुभवही जंगलाच्या आयुष्यापुढे तोकडा होता. आम्ही आयुष्य काढलंय इथे, हे वाक्य आपल्याला किती भरवशाचं वाटतं! त्या भरवशानेच घात केला.

दोन टोकांच्या मधे

आता खरा वाद. जंगल वाचवायचं कसं?

एका बाजूला होतं फॉरेस्ट्स कमिशन, म्हणजे तिथलं वन खातं. त्याचे प्रमुख ए. व्ही. गॅलब्रेथ. खात्याचा एकूण कल असा की आग म्हणजे शत्रू, ती जंगलापासून लांब ठेवायची. मेलबर्नला पाणी पुरवणाऱ्या मंडळाचा तर आपल्या पाणलोटात काहीच जाळायचं नाही असा दंडक होता. दुसऱ्या बाजूला डोंगरातले गुराखी आणि शेतकरी. त्यांचं म्हणणं अगदी उलट: दरवर्षी थोडं थोडं जाळा, पाचोळा साठूच देऊ नका, मोठी आग लागणारच नाही.

स्ट्रेटन यांनी दोघांनाही सोडलं नाही. खात्याला त्यांनी सुनावलं की आग नको म्हणून नुसतं बसून राहिलात, तर जमिनीवर इंधन साठत जातं आणि एक दिवस त्याचा हिशेब होतोच. पुरेशा जाळरेषा नाहीत, रस्ते नाहीत, पाण्याचे साठे नाहीत. अर्थात खात्याला सरकारने पैसाच पुरेसा दिला नव्हता हेही त्यांनी दाखवलं. गुराख्यांना त्यांनी सांगितलं की तुम्ही वाटेल तेव्हा, वाटेल तसं जाळता, ते जंगलाच्या भल्यासाठी नसतं, तुमच्या गुरांसाठी असतं. अशा जाळण्याने उलट झुडपं जास्त माजतात आणि पुढची आग आणखी भडकते.

उपाय म्हणून त्यांनी नियंत्रित जाळण्याला मान्यता दिली, पण जाळायचं ते योग्य ऋतूत, योग्य हवेत, जाणकारांच्या हाताने आणि हेतू ठरवून. आजही जगभरात यावर भांडणं चालू आहेत. किती जाळावं, कुठे जाळावं, ओल्या जंगलात जाळावं का? स्ट्रेटन यांनी वाद संपवला नाही. तो वाद कुठल्या भाषेत करायचा, हे मात्र त्यांनी ठरवून दिलं.

इथे एक गोष्ट त्यांच्या नजरेतून निसटली. गोरे आले तेव्हा जंगल मोकळं, स्वच्छ आणि आजच्यापेक्षा सुरक्षित होतं, हे त्यांनी लिहिलं. पण ते निसर्गतःच तसं होतं असं त्यांनी धरलं. आजचे अभ्यासक सांगतात की ऑस्ट्रेलियातली कित्येक रानं तशी मोकळी होती, कारण तिथले मूळ रहिवासी हजारो वर्षं ठरावीक पद्धतीने, थंड, छोट्या आगी लावून ती सांभाळत होते. लोकांचा अनुभव कमी पडला असं स्ट्रेटन म्हणाले, आणि ज्यांच्याकडे हजारो वर्षांचा अनुभव होता त्यांना अहवालात ते श्रेय मिळालं नाही. आता व्हिक्टोरियात ज्या ठिकाणी आदिवासी समाज आपली जाळण्याची पद्धत पुन्हा सुरू करतायत, तिथे ही राहिलेली साक्ष उशिरा का होईना नोंदवली जातेय, असं म्हणता येईल.

कागदावरून जमिनीवर

अहवाल कपाटात गेला नाही. त्याच वर्षी कायदा बदलला आणि सरकारी जमिनीवरच्या आगीची जबाबदारी फॉरेस्ट्स कमिशनकडे आली. म्हणजे ज्यांना झापलं, त्यांच्याच हातात साधनं आणि अधिकार दिले. पुढच्या वर्षांत जंगलात रस्ते झाले, टेहळणीचे मनोरे उभे राहिले, रेडिओ आले.

गिरण्यांचं काय? डगआउट, म्हणजे डोंगराच्या उतारात खणलेला, मातीने झाकलेला आसरा. काही गिरण्यांवर तो होता आणि त्यात शिरून माणसं वाचली. बऱ्याच ठिकाणी खर्च नको म्हणून तो केलाच नव्हता. काही ठिकाणी तो इतका कच्चा होता की माणसं आतच गेली. स्ट्रेटन यांनी डगआउट सक्तीचे करा असं सांगितलं. आणि त्याहून मोठी सूचना केली: गिरण्या जंगलात हव्यात कशाला? हळूहळू त्या जंगलाबाहेरच्या गावांत आल्या. ओंडके ट्रकमधून येऊ लागले आणि कामगारांची मुलं गावातल्या शाळेत जाऊ लागली. घर कुठे बांधायचं हा आगीचाच प्रश्न असतो, हे तेव्हा पहिल्यांदा कुणी इतकं ठाम बोललं.

पुन्हा बोलावणं आलं

पाच वर्षांनी, १९४४ च्या फेब्रुवारीत, यालूर्न पेटलं. इथे कोळशाची प्रचंड उघडी खाण होती आणि तिच्यावर चालणारं वीज केंद्र. मेलबर्नचे दिवे त्यावर. आग खाणीत शिरली. सरकारने पुन्हा स्ट्रेटन यांनाच बोलावलं.

या वेळी त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. यालूर्न हे गाव वीज मंडळानेच बांधलेलं. घरं, बागा, दुकानं, सगळं नीटनेटकं. पण गावाचा कारभार मंडळाच्या हातात, रहिवाशांना स्वतःचं काही ठरवायची मुभा नाही. सोयी सगळ्या आहेत आणि स्वातंत्र्य तेवढं नाही, असा तिरकस शेरा त्यांनी मारला. आगीच्या चौकशीत लोकशाहीचा प्रश्न काढणारा हा माणूस! पण विचार केला तर त्यांचं बरोबर होतं. जे गाव स्वतःच्या बाबतीत काही ठरवू शकत नाही, ते संकटात स्वतःला वाचवणार कसं?

त्यांची मुख्य सूचना होती ग्रामीण भागासाठी एकच अग्निशमन संस्था. तोवर सगळा विस्कळीत कारभार होता. त्यातून कंट्री फायर ऑथॉरिटी उभी राहिली आणि १९४५ मध्ये तिचं काम सुरू झालं. ही संस्था आजही आहे आणि तिचा कणा आहे स्वयंसेवक. शिक्षक, शेतकरी, दुकानदार, कॉलेजची पोरं-पोरी. सायरन वाजला की हातातलं काम टाकून पिवळा युनिफॉर्म चढवायचा. ‘कम्युनिटी’ हा शब्द आपण सेमिनारमध्ये खूप वापरतो. तिथे तो आगीच्या बंबावर चढतो.

१९४६ मध्ये तिसरी चौकशी, जंगलातल्या गुरेचराईवर. इथे स्ट्रेटन यांनी मांडलं की जंगल, माती आणि पाणी ही तिन्ही एकमेकांपासून तोडता येत नाहीत, एकाला धक्का लागला की बाकीची दोन हलतातच. आज हे आपण पर्यावरणाच्या पेपरमध्ये लिहून मोकळे होतो. १९४६ मध्ये एका जजने साक्षी ऐकून ते सांगितलं होतं.

आणि पुढे जंगलानेच ते सिद्ध केलं. तिथला एक निलगिरी वृक्ष आहे, माउंटन ॲश. जगातल्या सर्वांत उंच झाडांमध्ये त्याची गणना होते. मोठ्या आगीत तो मरतो, पण मरताना त्याच्या बियांचा सडा राखेत पडतो आणि एकाच वयाचं नवं जंगल उगवतं. १९३९ नंतर असंच झालं. आजही तिथलं बरंचसं माउंटन ॲशचं जंगल ब्लॅक फ्रायडेनंतर जन्मलेलं आहे. पण दोन अडचणी. एक म्हणजे तरुण झाडं म्हाताऱ्या झाडांपेक्षा खूप जास्त पाणी पितात. त्यामुळे जळालेल्या पाणलोटांतून धरणात येणारं पाणी पुढची कित्येक वर्षं कमी झालं. जॉर्ज कुझेरा नावाच्या अभ्यासकाने १९८० च्या दशकात याचा आलेखच काढून दाखवला. दुसरी अडचण वेळेची. रोपाला बी धरायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. त्याआधी दुसरी आग आली, तर बी नाही आणि जंगलही नाही. म्हणजे आग हा या जंगलाच्या जगण्याचाच भाग आहे. फक्त दोन आगींमधलं अंतर सांभाळायला हवं.

शंभरचा आकडा

स्ट्रेटन १९६७ मध्ये गेले. तोवर त्यांच्या कामाला दुसरी बाजू जोडली गेली होती. ॲलन मॅकार्थर या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने शेकडो प्रयोगी आगी लावून, मोजून, आगीच्या धोक्याचा निर्देशांक तयार केला. त्याने १०० हा आकडा कशासाठी ठेवला? १३ जानेवारी १९३९ च्या परिस्थितीसाठी. यापेक्षा वाईट काय असणार, असा हिशेब.

७ फेब्रुवारी २००९ ला मेलबर्नचा पारा ४६.४ वर गेला. ४५.६ चा विक्रम मोडला आणि निर्देशांकाने शंभरची रेघ केव्हाच मागे टाकली. तो ‘ब्लॅक सॅटर्डे’. १७३ माणसं गेली. नार्बेथाँग पुन्हा जळालं. पुन्हा रॉयल कमिशन बसलं आणि शंभरच्या वर एक नवी पायरी जोडावी लागली. लोकांचा अनुभव तोकडा पडतो, हे स्ट्रेटन यांचं निरीक्षण सत्तर वर्षांनी आकडेमोडीलाही लागू पडलं. हवामान बदलतंय, त्यामुळे मागच्या पिढीने पाहिलेली सगळ्यात मोठी आग हे आता माप राहिलेलं नाही.

मेलबर्नमध्ये आज आपल्याकडची कितीतरी मराठी मुलं शिकतात. उन्हाळा आला की त्यांच्या मोबाइलवर आगीच्या धोक्याच्या सूचना येतात, डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर रंगीत पट्ट्यांचे बोर्ड दिसतात. वीकेंडला ट्रिपला निघालेल्यांनी तो बोर्ड बघून गाडी परत वळवावी, एवढंच त्याचं काम.

आणि इथे? फेब्रुवारी ते मे आपल्या सह्याद्रीत, मेळघाटात, गडचिरोलीत वणवे लागतातच. कारणांची यादी काढा. गवत चांगलं फुटावं म्हणून, मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून, तेंदूपत्त्यासाठी, कुणीतरी टाकलेल्या विडीमुळे, ट्रेकर्सनी न विझवलेल्या चुलीमुळे. देश वेगळा, झाडं वेगळी, पण ही यादी स्ट्रेटन यांनी १९३९ मध्ये केलेल्या यादीला किती जवळची आहे! आता उपग्रह आग हेरतो आणि वनकर्मचाऱ्याच्या फोनवर मेसेज येतो. आग कुठे लागली हे त्यातून कळतं. का लागली, हे मात्र गावातल्या कुणीतरी न घाबरता सांगावं लागतं. आणि ते ऐकून घ्यायला समोर कुणीतरी बसलेलंही असावं लागतं.